फुटलेल्या परीक्षानळीचा खर्च

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून वार्षिक संयुक्त शाळा अनुदान मिळते. १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी ही रक्कम वर्षाला ५०,००० रुपये आहे. वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, शैक्षणिक साधने आणि प्रयोगशाळा हे सगळे त्यातच भागवायचे असते. खासगी अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदानाचा आधार असतो. ते पुरेसे नाही आणि वेळेवर येत नाही, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. काही निवडक शाळांना केंद्राची अटल टिंकरिंग लॅब मिळते. उरते ती देणगी. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा (सीएसआर) निधी, रोटरी किंवा लायन्स क्लब, माजी विद्यार्थ्यांची एखादी तुकडी, गावचे मुंबईकर मंडळ, अशा हातांनी ती येते.

यात सर्वांत मोठा प्रवाह सीएसआरचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. मान्य कामांच्या यादीत शिक्षण आहे. त्यामुळे सूक्ष्मदर्शी, विज्ञान पेट्या, भिंतीवरचे तक्ते, रोबोटिक्सचे संच असे बरेच काही या निधीतून हायस्कूलपर्यंत पोचू लागले.

असे साहित्य घ्यावे की नाही, घेतले तर कोणत्या अटींवर, याबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. इथे ती दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडी दिली आहेत. एक आहेत अनुदानित हायस्कूलमधील विज्ञान शिक्षिका. शाळेसाठी देणगी मागण्यात त्यांना संकोच वाटत नाही. दुसरे शिक्षण विभागातून निवृत्त झालेले अधिकारी. प्रयोगशाळा ही सरकारचीच जबाबदारी आहे, असे ते मानतात.

शिक्षिका : साहेब, नववीला धाराविद्युतचा धडा आहे, त्यात ओहमच्या नियमाचा प्रयोग. वर्गात साठ मुलं आणि चालू स्थितीतला ॲमीटर एकच. टेबलावर मांडणी केली की पुढच्या दोन बाकांना काटा दिसतो. बाकीची मुलं बाईंच्या तोंडाकडे बघत बसतात. वाचन बाईंनी सांगायचं आणि त्यांनी उतरवून घ्यायचं. याला प्रयोग म्हणायचं का?

अधिकारी : नाही म्हणता येणार. पण बाई, ॲमीटर पुरवणं कुणाचं काम, ते आधी ठरवू या. तुमचा पगार सरकार देतं. पुस्तक बालभारती काढते, परीक्षा मंडळ घेतं. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४० गुणांचे आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे, हेही मंडळानंच ठरवलं. जी गोष्ट परीक्षेत सक्तीची केली, तिच्या साहित्यासाठी शाळेनं दारोदार का फिरायचं?

शिक्षिका : फिरू नये, हे मलाही मान्य आहे. पण नववीतली पोरगी नववीत एकच वर्ष असते. तुमचा प्रस्ताव तालुक्यातून जिल्ह्यात आणि तिथून पुढे पुण्याला जाईपर्यंत ती अकरावीत पोचते. बहुतेक वेळा कला शाखेत. विज्ञानात आपल्या हातानं काही घडवता येतं, हे तिला कधी कळलेलंच नसतं.

साठ मुलांपुढे एकदा दाखवलेला प्रयोग आणि सहा-सहा मुलांच्या दहा गटांनी केलेला तोच प्रयोग, यांतून मुलांच्या पदरात पडणाऱ्या गोष्टी फार वेगळ्या असतात. मांडणी साधी आहे: नायक्रोमची तार, दीड व्होल्टचे चार सेल, कळ, तारेशी एकसरीत ॲमीटर आणि समांतर व्होल्टमीटर. एक सेल जोडून वाचन घ्यायचे, मग दोन, तीन, चार. प्रत्येक वेळी व्होल्टमीटरच्या आकड्याला ॲमीटरच्या आकड्याने भागायचे. पुस्तकात उत्तर स्थिर येते. वर्गात ते थोडे मागेपुढे येते, आणि शिकणे तिथूनच सुरू होते. चार सेल जोडूनही व्होल्टमीटर सहा का दाखवत नाही? कारण सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि सेल जुना झाला की तो वाढतो. एका गटाने कळ दाबूनच ठेवली, तर तार तापते आणि सेल लवकर बसतो. त्या गटाची वाचने इतरांपेक्षा वेगळी पडतात. कुणी घाईत ॲमीटर समांतर जोडतो. ॲमीटरचा रोध अगदी कमी असल्याने बरीचशी धारा त्यातूनच वाहते, काटा टोकाला आपटतो, कधी उपकरण जळते. व्होल्टमीटर चुकून एकसरीत लागला, तर त्याच्या प्रचंड रोधामुळे परिपथात धारा जवळपास उरतच नाही. ही दोन्ही उपकरणे कुठे आणि का जोडायची, हे या चुकांतून जितके पक्के बसते तितके फळ्यावरच्या आकृतीतून बसत नाही.

मात्र या शिकण्यात सेल संपतात आणि ॲमीटर जळतात. पुढचा सगळा वाद याच खर्चापाशी येऊन थांबतो.

अधिकारी : दहा गटांचं साहित्य हवं, हे पटलं. पण देणगीदार तुम्हाला दहा ॲमीटर देतो का? तो देतो रोबोटिक्सचा संच, थ्रीडी प्रिंटर, नाहीतर दुर्बीण. ज्याचा फोटो चांगला येतो ते तो देतो. नायक्रोमची तार आणि लिटमस कागद दिल्याचा समारंभ कुणी करत नाही. म्हणजे शाळेत काय शिकवायचं, हे देणाऱ्याच्या आवडीवर ठरतं.

शिक्षिका : तसं होतं, खरं आहे. पण तो दोष निवड कुणाच्या हातात ठेवली याचा आहे. निवड शिक्षकाकडे दिली की चित्र बदलतं.

शिक्षकाच्या हाती निवड देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणाऱ्या चार्ल्स बेस्ट यांनी २००० मध्ये डोनर्सचूज ही संस्था सुरू केली. तिची रीत अशी आहे. सार्वजनिक शाळेतील शिक्षक आपल्या वर्गाला नेमके काय हवे आणि कशासाठी, हे लिहून यादी देतो. लोक त्यात जमेल तेवढी भर घालतात, अगदी लहान रक्कमही चालते. रक्कम पूर्ण जमली की संस्था स्वतः वस्तू विकत घेऊन शाळेच्या पत्त्यावर पाठवते. शिक्षकाच्या हाती रोकड जात नाही. चार महिन्यांत रक्कम जमली नाही, तर देणगीदाराला ती दुसऱ्या वर्गाकडे वळवता येते. वस्तू मिळाल्यावर वर्गातील छायाचित्रे, शिक्षकाचे पत्र आणि खर्चाचा तपशील देणाऱ्याकडे जातो. २०१८ मध्ये रिपल या कंपनीने २ कोटी ९० लाख डॉलर देऊन त्या दिवशी प्रलंबित असलेल्या सगळ्या मागण्या एकदम पुऱ्या केल्या. शिक्षकाला मागू दिले तर तो काय मागतो, हेही या याद्यांत दिसते. विज्ञान शिक्षकांच्या मागणीत सूक्ष्मदर्शी आणि विच्छेदनाचे साहित्य असते, तसे हातमोजे, संरक्षक चष्मे आणि बॅटऱ्याही असतात.

अधिकारी : रीत चांगली आहे. पण अमेरिकेत शाळांचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, गरीब वस्तीची गरीब. ही विषमता सरकारनं दूर करायला हवी होती. तिथल्या शिक्षकाला आपल्या पोरांची गरिबी चारचौघांत मांडून वर्गणी मागावी लागते, ती विषमता तशीच राहिली म्हणून. ज्या शिक्षकाला चांगलं लिहिता येतं, त्याचा वर्ग भरतो. ज्याला येत नाही, त्याच्या मुलांनी काय गुन्हा केला?

शिक्षिका : या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

अधिकाऱ्यांचा हा आक्षेप महाराष्ट्रातही तितकाच लागू आहे. इथे तो लिहिण्याच्या कौशल्याऐवजी भूगोलातून येतो. कंपनी कायद्यातच अशी तरतूद आहे की सीएसआरचा खर्च करताना कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे. उद्देश योग्य आहे, कारण कारखान्याचा धूर आणि वाहतूक ज्या गावांना सोसावी लागते, त्यांना काही मिळावे. परिणाम मात्र असा की चाकण, तळोजा किंवा वाळूजच्या आसपासच्या शाळेच्या दारात दोन-दोन कंपन्या येतात. धडगाव आणि भामरागडच्या शाळेला असा शेजारच नसतो. कंपनीच्या कचेरीपासून गाडीने दोन तासांत जाऊन परतता येईल, अशीच शाळा बहुधा निवडली जाते. हा दोष वैयक्तिक सदिच्छेने भरून निघत नाही. तो भरून काढण्याची ताकद फक्त सरकारच्या तिजोरीत आहे, आणि या एका मुद्द्यावर अधिकाऱ्यांची बाजू निर्विवाद भक्कम आहे.

शिक्षिका : ठीक आहे, सरकारनं द्यावं. पण सरकारनं दिलेली वस्तू वापरता येते का? डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढलेली काचेची वस्तू फुटली की आधी लेखी खुलासा, मग निर्लेखनाचा प्रस्ताव. प्रयोगशाळा परिचर म्हणतो, बाई, कपाट उघडूच नका. त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही. जबाबदारी त्याच्या अंगावर येते.

अधिकारी : नोंद तर हवीच ना? नाहीतर सूक्ष्मदर्शी शाळेतून कुठे जाईल याचा पत्ता लागणार नाही.

शिक्षिका : सूक्ष्मदर्शीची नोंद हवी. परीक्षानळीची कशाला? तपासणीला येणारे विचारतात, वस्तू आहे का. किती मुलांनी हाताळली, हे रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? शंभर परीक्षानळ्या पाच वर्षं शाबूत राहिल्या तर त्या शाळेचं कौतुक होतं. पाच वर्षांत एकही नळी फुटली नाही म्हणजे तिथं प्रयोग झालाच नाही, हा अर्थ कुणी काढत नाही.

शिक्षिकेचे हे म्हणणे या विषयाच्या मुळाशी जाते. शाळेतील विज्ञान साहित्य दोन जातींचे असते. टिकणारे: सूक्ष्मदर्शी, तराजू, भिंगे, लोलक, चुंबक. आणि झिजणारे: काचसामान, काचपट्ट्या, आच्छादन काचा, लिटमस, आम्ले-आम्लारी, स्पिरिट, सेल, टाचण्या, तारा. सरकारी हिशेबाची पद्धत पहिल्या जातीला धरून बनली आहे. देणगीदाराचाही ओढा पहिल्या जातीकडेच असतो, कारण टिकणाऱ्या वस्तूवर नाव कोरता येते. मुलांच्या हाताला काम मिळते ते मात्र दुसऱ्या जातीमुळे. कांद्याची साल सोलून काचपट्टीवर ठेवायची, आयोडीनचा थेंब टाकायचा, आच्छादन काच एका कडेने तिरकी टेकवून हलकेच सोडायची, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. या एका कृतीत पहिल्या दिवशी निम्म्या आच्छादन काचा तुटतात. त्या तुटू दिल्या तर आठवडाभरात मुलांचे हात बसतात. काचा जपल्या तर सूक्ष्मदर्शी उत्तम स्थितीत राहतो आणि पेशी फक्त पुस्तकातल्या चित्रात दिसते.

सरकारी योजनांमध्ये हा खर्च अजिबात धरला जात नाही, असे नाही. अटल इनोव्हेशन मिशन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याखालील टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांचे अनुदान ठरले. त्यातील १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. उभारणीइतकाच पैसा चालू खर्चाला ठेवणे ही या योजनेची सर्वांत शहाणी तरतूद म्हणावी लागेल. अडचण सहाव्या वर्षाची. तेव्हा सेन्सर, बॅटऱ्या आणि प्रिंटरच्या सुताचे रीळ कोणत्या शीर्षातून घ्यायचे, हा प्रश्न शाळेकडे परत येतो.

शिक्षिका : म्हणूनच मी देणगीदाराला सांगते की यंत्र नको, दरवर्षी काही हजार रुपयांची भर घाला. सेल, काचसामान, रसायनं. आणि फुटलं तर विचारू नका.

अधिकारी : किती जण तयार होतात?

शिक्षिका : कमी. माजी विद्यार्थी होतात. कंपन्यांना अवघड जातं. त्यांना अहवालात दाखवायला वस्तू लागते.

कंपन्यांची ही अडचण खरी आहे. सीएसआरच्या नियमांनुसार प्रशासकीय खर्चाला एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ज्यांचे दायित्व १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, अशा कंपन्यांना १ कोटीवरील प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावे लागते. एका शाळेला दरवर्षी थोडे थोडे देण्यापेक्षा दोनशे शाळांना एकसारखी पेटी एकदाच देणे हिशेबाला सोपे जाते. पेटीत काय आहे हे मग पुरवठादार ठरवतो. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी सूचनापत्रिका असलेली पेटी पोचते ती अशीच, आणि ती न उघडता कपाटात राहिली तर दोष शिक्षकांच्या निरुत्साहाला दिला जातो. हा आरोप अन्यायाचा आहे. नवे साहित्य वर्गात आणण्याआधी शिक्षकाने ते स्वतः दोनदा करून पाहिलेले असावे लागते, आणि त्यासाठी वेळ व सोबत देणारे कुणी लागते.

साहित्याऐवजी माणसे पाठवण्याचा मार्गही देणगीवरच चालतो. रामजी राघवन यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या अगस्त्य इंटरनॅशनल फाउंडेशनने आंध्र प्रदेशातील कुप्पम येथे केंद्र उभारले, आणि फिरत्या विज्ञान प्रयोगशाळेच्या गाड्या गावोगावच्या सरकारी शाळांत नेल्या. गाडीतून हाताळण्याजोगी प्रतिमाने आणि ती दाखवणारे प्रशिक्षक येतात. मोठ्या मुलांना तयार करून त्यांच्याकडून लहानांना शिकवून घेण्याची त्यांची पद्धत विशेष उपयोगी आहे, कारण गाडी गेल्यावरही शिकवणारे शाळेतच राहतात. तरी गाडी रोज येत नाही, आणि धडा रोज पुढे सरकतो.

अधिकारी : बाई, सरकार आणि बाहेरचे लोक मिळून काय करू शकतात याचा नमुना शेजारच्या राज्यात होऊन गेला. होशंगाबाद. कल्पना आणि प्रशिक्षण स्वयंसेवी माणसांचं. शाळा, शिक्षक आणि साहित्य सरकारचं. साहित्याची दरवर्षी भरपाई व्हायची.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था त्यामागे होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक तिथे येऊन शिक्षकांबरोबर काम करत. हा कार्यक्रम सहावी ते आठवीचा होता. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, आणि १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली. ‘बाल वैज्ञानिक’ या कार्यपुस्तकांत उत्तरे दिलेली नसत. मुलांनी चार-चारच्या टोळीत प्रयोग करायचे आणि निष्कर्ष स्वतः लिहायचा. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही असे. शिक्षकांची दर महिन्याला बैठक भरे, तिथे अडलेले प्रयोग एकमेकांसमोर करून पाहिले जात. पुण्यातील टेल्को कारखान्यातून रजा घेऊन तिथे गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांच्यापासून भूमितीच्या व रेणूंच्या रचना तयार केल्या, त्याही याच काळात. इतक्या स्वस्त साहित्याचा एक फायदा पैशांत मोजता येत नाही: ते मोडले तर कुणी घाबरत नाही.

शिक्षिका : आणि २००२ मध्ये काय झालं, साहेब?

अधिकारी : शासनानं बंद केला.

शिक्षिका : एका आदेशानं. तीस वर्षांचं काम. सरकारवर सगळं सोपवा म्हणता, तर हीही बाजू धरा. कंपनीचा निधी तीन वर्षांनी संपतो, सरकारची मर्जी तिसाव्या वर्षी.

अधिकारी : संपलं तरी एक फरक राहतो. सरकारी कार्यक्रम बंद झाला तेव्हा लोकांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत वाद झाला, सरकारला जाब विचारता आला. कंपनीनं पुढच्या वर्षी दुसरा जिल्हा निवडला, तर कुणाला विचारणार?

या दोन वाक्यांत दोन्ही बाजूंचे सर्वांत बलवान मुद्दे आले आहेत आणि ते एकमेकांना खोडत नाहीत. सरकारी पैसा हक्काने मागता येतो, पण तो सावकाश येतो आणि धोरण बदलले की थांबतो. देणगी लवकर येते, नवे करून पाहू देते, पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही. देणगीचे सर्वांत चांगले उपयोग म्हणूनच बहुधा असे झाले, जिथे तिने एखादे काम सुरू करून दिले आणि मग सार्वजनिक व्यवस्थेने ते उचलले. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने सुरू झाले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून ते सरकारी निधीवर स्थिरावले. या केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले होते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही इमारत सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेल्या विज्ञान खेळण्यांच्या कृती कुणालाही फुकट पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या. देणाऱ्याने इमारत दिली, काय शिकवायचे ते शिकवणाऱ्यांवर सोडले.

महाराष्ट्राला लहान वर्गणीची सवयही जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, जिथे काचकामाचे शिक्षण मिळे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खेड्यापाड्यांतील लोकांच्या धान्यावर आणि श्रमांवर वाढली. लोकांकडून मागण्यात कमीपणा नाही, असे शिक्षिका म्हणते तेव्हा तिच्या पाठीशी हा इतिहास असतो. अधिकाऱ्यांचे त्यावरचे उत्तरही विचारात घेण्यासारखे आहे: त्या काळी राज्य परक्याचे होते. आज ते मतदारांचे आहे.

शिक्षिका : मग सरकारच आता दत्तक द्यायला निघालंय, त्याचं काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने दत्तक शाळा योजना जाहीर केली. कंपन्या, संस्था आणि व्यक्तींना पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळेचे पालकत्व घेता येते. मदत वस्तू आणि सेवांच्या रूपात द्यायची असते, रोख नाही. नामकरणावर आधारित पालकत्वात शाळेच्या मूळ नावाला त्या मुदतीपुरते देणगीदाराने सुचवलेले नाव जोडता येते. ग्रामीण भागातील शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना १ कोटी रुपये असे मूल्य ठरवले गेले. शिक्षक संघटना आणि शिक्षणक्षेत्रातील अनेकांनी या योजनेला खासगीकरणाची पायरी म्हणून विरोध केला.

अधिकारी : इथं माझा विरोध ठाम आहे. शाळेचं नाव गावाचं असतं. ते पाच वर्षांपुरतंही बदलू नये.

शिक्षिका : नावाबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. पण साहेब, मुदत पाच वर्षांची आहे, ही गोष्ट मला आवडते. एकदा फीत कापून जाणाऱ्यापेक्षा पाच वर्षं दरवर्षी काचसामान भरून देणारा बरा. ५० लाख सोडा, त्याच्या अगदी छोट्या भागात एका हायस्कूलचे पाच वर्षांचे सेल, काचा आणि रसायनं भागतील.

अधिकारी : त्याला एक अट घाला. साहित्य एका शाळेला न देता परिसराच्या केंद्रशाळेला द्यावं. आजूबाजूच्या दहा शाळांनी वापरावं. म्हणजे रस्त्यावरच्या शाळेला सगळं आणि आतल्या वाडीला काही नाही, असं होणार नाही.

शिक्षिका : महागडं साहित्य केंद्रशाळेला चालेल. चांगले सूक्ष्मदर्शी, दुर्बीण, विजेची उपकरणं. झिजणारं मात्र प्रत्येक शाळेत पाहिजे. आच्छादन काच मागायला सात किलोमीटर कोण जाईल?

स्वस्त उपकरणांनी ही वाटणी अलीकडे सोपी केली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद दुमडून तयार होणारा फोल्डस्कोप विकसित केला. २०१४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत ठेवणे हे त्यामागचे उद्दिष्ट होते. खिशात मावणारा हा सूक्ष्मदर्शी मुलाला घरी नेता येतो. डबक्यातले पाणी, डासाची अळी, पिठातला किडा त्याखाली धरता येतो. संयुक्त सूक्ष्मदर्शीइतका तो सोयीचा नाही. प्रतिमा स्थिर ठेवायला सराव लागतो आणि एका वेळी एकालाच पाहता येते. पण तो मुलाचा स्वतःचा असतो. तो कपाटात बंद करण्याचे कारण उरत नाही.

चर्चेच्या शेवटी दोघांनी मिळून देणगी स्वीकारण्याच्या काही अटी मांडल्या. यादी विज्ञान शिक्षकाने करावी, पुरवठादाराने नाही. निदान निम्मी रक्कम झिजणाऱ्या साहित्यासाठी आणि शिक्षकांच्या सरावासाठी असावी. ठरावीक किमतीखालचे काचसामान डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवू नये. ते संपणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत लिहावे आणि मुख्याध्यापकांच्या सहीने खर्ची टाकता यावे. सूचना मराठीत असाव्यात. आदिवासी आणि दुर्गम तालुक्यांसाठी जिल्हा परिषदेने वेगळी तरतूद करावी, तिथे देणगीची वाट पाहू नये.

एका अटीवर मात्र एकमत झाले नाही. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की देणगीचा करार करताना, मुदत संपल्यावर हा खर्च शाळेच्या अनुदानात धरला जाईल असे शिक्षण विभागाचे पत्र आधी जोडलेले असावे. नसेल तर देणगी घेऊ नये, कारण फुकट मिळते म्हटल्यावर सरकार ते शीर्ष कधीच उघडणार नाही. शिक्षिकेला हे मान्य नाही. पत्राची वाट पाहण्यात नववीच्या दोन-तीन तुकड्या निघून जातील. देणगी घ्यावी, आणि दरवर्षी किती सेल संपले, किती नळ्या फुटल्या, किती मुलांनी हाताने प्रयोग केला, याचा हिशेब देणगीदाराबरोबर शिक्षणाधिकारी कार्यालयातही आवक नोंदवून द्यावा, असे तिचे मत आहे. पाच वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर सहाव्या वर्षीच्या अनुदानाची मागणी आकड्यांनिशी करता येईल.